रेखा मारते तेव्हा

रेखा धारपने नवऱ्याच्या कपाळावर बिडाचा तवा हाणला. तवा गरम नव्हता, एवढंच नशीब. अरुणची भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तरी त्याने तिचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातात टूथब्रश होता, तोही त्याने धरूनच ठेवला.

गेले तीन महिने सकाळी दात घासायची वेळ आली की घरात अशीच झटापट व्हायची. बाथरूममध्ये ती यायलाच तयार नसायची, म्हणून अरुणने किचनच्या सिंकपाशी घासायचं ठरवलं होतं. डाव्या हाताने तिची दोन्ही मनगटं धरायची, उजव्या हाताने ब्रश आत घालायचा आणि मिनिटभरात उरकायचं. त्या दिवशी तिने एक हात सोडवून घेतला आणि शेगडीवरचा तवा उचलला.

दुसरा घाव खांद्यावर बसला. तिसऱ्यासाठी तिने तवा वर नेला, तेव्हा अरुणने ब्रश टाकला आणि तिच्या कानाखाली सणसणीत मारली.

रेखा डिशवॉशरच्या उघड्या दारावर आपटली. ओठ फुटला. खाली बसून ती ओरडायला लागली, आधी मराठीत, मग इंग्रजीत. हा माणूस मला मारून टाकतोय, कोणीतरी या. मे महिना होता आणि पार्सिपनी गावातल्या त्या गल्लीत सगळ्यांच्या खिडक्या उघड्या होत्या. शेजारच्या बाई घरामागच्या लाकडी डेकवर झाडांना पाणी घालत होत्या. त्यांनी ऐकलं आणि पोलिसांना फोन केला. कुणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं.

पोलीस आत आले तेव्हा त्यांना काय दिसलं, ते अरुणने नंतर कितीदा तरी मनात पाहिलं. जमिनीवर एक बाई, ओठातून रक्त येतंय, मनगटांवर ताजे निळे आणि जुने पिवळे वळ. तिच्यापुढे रक्ताने माखलेला एक माणूस, हातात तवा. तवा त्याने तिच्याकडून काढून घेतलेला आहे, हे कुणाला कसं कळणार?

त्यांनी तवा खाली टाकायला सांगितलं. अरुणचा एक डोळा मिटला होता आणि कान वाजत होते. खाली टाकला तर तिच्या पायावर पडेल म्हणून तो शेगडीवर ठेवायला वळला. एका पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. दुसऱ्याने त्याला मागून धडक दिली. पुढच्या क्षणी अरुण फरशीवर पालथा होता, पाठीत गुडघा रुतला होता आणि हात मागे खेचून बेड्या पडत होत्या. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्याच्या खांद्यातून काडकन आवाज आला.

तशातच त्याने तिला अल्झायमर आहे असं सांगितलं. पोलिसाने रेखाला विचारलं, हे कोण आहेत?

"आय डोंट नो हिम," रेखा स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "ही केम इन्टू माय हाउस."

मग त्यांनी अरुणला विचारलं, तू हिला मारलंस का? आयुष्यभर सरकारी खात्यात पुलांची तपासणी केलेला माणूस. विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायची सवय. तो हो म्हणाला.

रेखाला एका अँब्युलन्समधून नेलं, त्याला दुसरीतून. भुवईला टाके पडले, खांदा बसवला. मग कोर्टात उभं केलं. न्यायाधीशांनी त्याला घरी सोडलं नाही, नुसतं सोडलं. पुढच्या तारखेपर्यंत बायकोला भेटायचं नाही, फोन करायचा नाही, घराकडे फिरकायचं नाही. रूट ४६ वरच्या एका मोटेलमध्ये अरुणने खोली घेतली आणि तिथून मुलीला फोन केला.

केया त्यांची एकुलती एक. सांता क्लाराला एका हायस्कूलमध्ये पोहण्याची कोच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"बाबा, डिड यू हिट हर?"

"हो. मारलं."

तिने फोन ठेवला आणि मिळालं त्या विमानाने ती निघाली. बापाशी बोलायला नाही, आईला त्याच्यापासून वाचवायला.

ही रेखा पूर्वी अशी नव्हती, हे धारपांना ओळखणारा कुणीही सांगेल. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये तिने चोवीस वर्षं काढली. केयाला तिने कधी टपलीही मारली नव्हती. आजार कळला तेव्हा डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर येऊन तिने अरुणला आधी जेवायला नेलं होतं. पहिली तीन वर्षं ती नुसती विसरत होती. नावं, रस्ते, मग घर. मारामारी सुरू झाली ती त्या वर्षीच्या फेब्रुवारीत, आणि तीही इतकी अचानक की अरुणने ती आजाराचीच पुढची पायरी समजून गिळली. कुणाला सांगितलं नाही. लांब बाह्यांचे शर्ट घालायला लागला. बायको मारते हे सांगणार कुणाला आणि कसं?

त्यात भर म्हणजे मराठी मंडळाच्या पदयात्रेच्या पत्रकावर त्या दोघांचाच फोटो होता. मंडळाने त्या वर्षी तळ्याकाठी चालायचा कार्यक्रम ठेवला होता. जमेल त्या निधीतून, घरी अशी माणसं सांभाळणाऱ्यांसाठी मराठीत क्लास सुरू करायचा होता. शिकवायला प्रीता नावाची एक नर्स ठरली होती. कल्पना अरुणचीच. फोटोत रेखा हसत होती.

अटकेची बातमी मंडळात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळली होती. मंडळाचा अध्यक्ष संजीव पाटणकर मोटेलवर फोन करून बोलला. संजीव नागपूरचा, पंचेचाळिशीतला, सॉफ्टवेअरमधला सभ्य माणूस. पत्रक बदलतोय, काका, असं त्याने सांगितलं. कमिटीत बायका आहेत, त्यांना हे चालणार नाही. अरुणने वाद घातला नाही. फक्त क्लास कॅन्सल करू नका, एवढं म्हणाला. क्लास होणारच, संजीव म्हणाला. योगासनं, आहार, पॉझिटिव्ह राहणं, असे विषयही काढलेत.

इकडे केयाने आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि पहिला दिवस बरा गेला. रेखाने तिला ओळखलं नाही, पण लेकीसारखं वागवलं. आइस्क्रीम खाल्लं, पोळीला हात लावला नाही. तिच्या गालावर अरुणच्या बोटांचे वळ होते. केया ते बघायची आणि तिचं डोकं तडकायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केया ब्रश घेऊन गेली. आई, ओपन युअर माउथ, असं लाडाने म्हणाली आणि ब्रश आत घातला. रेखाने तिच्या दंडाचा चावा घेतला. नुसते दात लावले नाहीत, मांस धरलं आणि कुत्र्यासारखं मान हलवून ओढलं. केया किंचाळली. रेखा सोडेना. मग केयाने, पोहून पोहून बळकट झालेल्या दोन्ही हातांनी, आईला ढकललं.

रेखाचं डोकं भिंतीवर आपटलं. ठक्कन पोकळ आवाज आला. आणि केयाने पाहिलं, आपली मूठ वर उचललेली आहे.

ती मूठ तिने मारली नाही. पण मारणार होती, हे तिला पक्कं माहीत होतं. आई भिंतीला टेकून तोंडातलं रक्त चाटत होती, आणि ते रक्त केयाचं होतं. केया गॅरेजमध्ये गेली, दार लावून घेतलं आणि गाडीच्या टायरला लाथा घालत राहिली. हात धुऊन, पट्टी बांधून तिने मोटेलला फोन लावला.

"बाबा, टेल मी एव्हरीथिंग. पहिल्यापासून."

अरुणने सांगितलं. कधी सुरू झालं, कधी कधी होतं. जेवताना ती ताट भिरकावते, ब्रश बघितला की मारते. रात्री गाल उशीवर टेकला की उठून बसते आणि जो जवळ असेल त्याला ओरबाडते. सांगता सांगता तो स्वतःच अडखळला, कारण इतकं सगळं त्याने एका दमात कधी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

केयाने मंडळाच्या पत्रकावरचा प्रीताचा नंबर फिरवला. प्रीताने ऐकून घेतलं आणि विचारलं, आई काय खात नाही? पोळी, सफरचंद, सुपारी, केया म्हणाली. मऊ असेल ते खाते.

"म्हणजे काहीतरी दुखतंय," प्रीता म्हणाली. "कुठे दुखतंय ते त्यांना सांगता येत नाही. जो तिथे हात लावतो तो त्यांना शत्रू वाटतो. तोंड बघा, लघवी तपासा, पोट बघा. अशी अचानक मारामारी सुरू झाली की आधी दुखणं शोधायचं."

त्या दुपारी आइस्क्रीमच्या चमच्यासाठी रेखाने आ केला, तेव्हा केयाने फोनचा टॉर्च मारला. डावीकडची खालची दाढ काळी पडली होती. तिच्याभोवतीची हिरडी सुजून द्राक्षाएवढी झाली होती आणि तिच्यातून पू वाहत होता.

डेंटिस्टकडे रेखाने औजारांचा ट्रे लाथेने उडवला आणि असिस्टंटच्या तोंडावर बुक्की मारली. शेवटी हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन दोन दाढा काढाव्या लागल्या. पू जबड्याच्या हाडापर्यंत गेला होता. सर्जनने केयाला सांगितलं की धडधाकट पुरुषही या दुखण्याने गडाबडा लोळला असता.

केयाने ते वाक्य वडिलांना जसंच्या तसं फोनवर सांगितलं. अरुण मोटेलच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसला होता. रोज सकाळी, तीन महिने, तिचे हात दाबून धरून त्याच दाढेवर ब्रश कोण रगडत होतं? तिच्या घरात घुसलेला तो माणूस कोण होता? पोलिसांना तिने सांगितलं ते तिच्या बाजूने अगदी खरं होतं. त्याने कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. टाके उसवले. पुन्हा आपटलं. हॉर्न वाजला, तेव्हा मोटेलचा माणूस बाहेर येऊन बघायला लागला.

तारखेला केया सर्जनचं पत्र घेऊन कोर्टात उभी राहिली. दंडावरचा चावा तिने स्वतःहून दाखवला आणि आपणही आईला भिंतीवर ढकललं हेही सांगितलं. सरकारी वकिलाने खटला मागे घेतला. शेजारच्या बाई बाहेर थांबल्या होत्या. त्या अरुणला सॉरी म्हणाल्या. अरुणने त्यांचे हात धरून सांगितलं की पुन्हा असं ऐकू आलं तर पुन्हा फोन करा, फक्त डिमेन्शिया आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

तो घरी आला तेव्हा रेखाने दार उघडलं. आपण कोण, असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत घेतलं.

पदयात्रा तोपर्यंत झाली होती. निधी चांगला जमला होता. केया संजीवला जाऊन भेटली आणि काय घडलं ते शांतपणे सांगितलं. संजीव ओशाळला. घरी येऊन अरुणच्या पाया पडला आणि क्लासच्या पहिल्या दिवशी तुम्हीच बोला म्हणाला. फक्त एक विनंती होती.

"मारामारीचं नको, काका. लोक आधीच घाबरलेले असतात."

"मग मी येत नाही," अरुण म्हणाला. "मला दुसरं काही बोलायचंच नाही."

प्रीताने मध्ये पडून संजीवला समजावलं, म्हणून तो तयार झाला. मनातून नाही.

क्लास रविवारी दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये भरला. केया आईपाशी घरी थांबली. पन्नासेक माणसं आली होती. काहींना अरुणची अटक माहीत होती, ते भिंतीला धरून बसले. अरुणने भाषण केलं नाही. त्याने संजीवला पुढे खुर्चीवर बसायला बोलावलं. संजीव हसत आला.

अरुणने त्याला डोळे मिटायला सांगितले. मग पाठीमागून येऊन डाव्या पंजात त्याची दोन्ही मनगटं पकडली. पूल तपासताना चढून-उतरून राठ झालेला पंजा, वय झालं तरी पकड गेली नव्हती. उजव्या हाताने त्याने कोरा टूथब्रश संजीवच्या ओठांवर दाबला. तोंड उघड, म्हणाला. संजीव हसतच होता. हॉलमध्येही कुणीतरी हसलं. अरुणने पकड आवळली. उघड म्हणतो ना, चल लवकर, उशीर होतोय. ब्रश दातांवर आपटून आत गेला आणि मागच्या हिरडीत रुतला. संजीवने मान फिरवली. ब्रशही फिरला.

संजीवने हिसडा देऊन हात सोडवला आणि कोपर मागे हाणलं. ते अरुणच्या नाकावर बसलं. हाड वाजलेलं पहिल्या रांगेतल्यांना ऐकू आलं. खुर्ची उलटी पडली. संजीव वळला, त्याच्या दुसऱ्या हाताची मूठ अरुणच्या छातीवर आदळली, आणि मगच त्याने डोळे उघडले.

अरुणच्या नाकातून रक्ताची धार लागली होती, पांढऱ्या शर्टावर पसरत होती. संजीव आपल्या मुठीकडे बघत उभा होता, आणि त्याच्या ओठांवरही रक्त होतं.

"संजीव," अरुण रुमाल दाबून म्हणाला, "तुमचं डोकं शाबूत आहे. दाढ शाबूत आहे. मी कोण हे तुम्हाला माहीत होतं. तरी हात उठला ना?"

संजीवने मान डोलावली.

"माझ्या बायकोची दाढ सडली होती. आणि मी कोण ते तिला माहीत नव्हतं."

एक बाई उठल्या. माझी आई असलं कधी करणार नाही, हा तमाशा आहे, असं म्हणून पर्स उचलून निघून गेल्या. त्यांच्यामागे आणखी दोघं गेले. प्रीताने कुणाला अडवलं नाही. तिने अरुणच्या नाकावर बर्फ ठेवला आणि तिथेच, त्याला शेजारी बसवून, शिकवायला सुरुवात केली. मागून कधी जायचं नाही. समोरून यायचं, आणि त्यांच्यापेक्षा खाली बसायचं. मनगट धरायचं नाही, आपला तळवा पुढे करायचा. ब्रश त्यांच्या हातात द्यायचा आणि आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवायचा. नको म्हणाले की नको. एक दिवस दात नाही घासले तर कुणी मरत नाही. मारायला लागले तर मागे सरायचं, खोलीबाहेर जायचं, आणि बाहेर जायचा रस्ता नेहमी आपल्या पाठीशी मोकळा ठेवायचा. आणि आपला हात उठला, तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं.

शेवटचं वाक्य झाल्यावर ती थांबली. मागच्या रांगेतून एका तरुण बाईने हात वर न करताच बोलायला सुरुवात केली. नाव नंतर कळलं, अहिल्या. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली.

"माझ्या सासूबाई माझ्या तोंडावर थुंकतात," ती म्हणाली. "मी त्यांना बाथरूममध्ये कोंडते. त्या दार वाजवत राहतात. मिस्टरांना माहीत नाही."

कुणी तिच्याकडे बघितलं नाही. प्रीता खुर्ची घेऊन तिच्यापाशी जाऊन बसली, आणि उरलेला तास तिथून हलली नाही. पुढच्या आठवड्यापासून मंडळाच्या निधीतून अहिल्याच्या घरी दिवसाकाठी चार तास एक मदतनीस जायला लागली. ते संजीवनेच कमिटीत मांडलं. योगासनांचा विषय पुढे ढकलला.

अरुण घरी आला तो नाकात कापूस घालून. रेखा सोफ्यावर बसली होती. त्याच्या शर्टाकडे तिचं लक्ष गेलं आणि ती ताडकन उठली. केया सावध होऊन पुढे झाली. अरुणने तिला हातानेच थांबवलं, आणि स्वतः खाली, जमिनीवर बसला.

"कोणी मारलं तुम्हाला?" रेखाने विचारलं.

ती त्याला नवरा म्हणून विचारत होती की दारात आलेल्या जखमी परक्या माणसाला, हे त्याला कळलं नाही. एका चांगल्या माणसाने, चुकून, असं तो म्हणाला. तिला ते पटलं नाही. कुठे राहतो तो, दाखवा मला, असं ती म्हणत राहिली. मग किचनमधून ओलं फडकं आणलं आणि त्याचं नाक पुसायला लागली. हात जड होता. मोडलेल्या हाडावर ती खसाखसा घासत होती आणि अरुणच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती.

केया म्हणाली, "आई, हळू." रेखाने ऐकलं नाही.

अरुणने तिचं मनगट धरलं नाही. आपला तळवा उघडून तिच्या हाताखाली धरला. फडकं आणखी दोनतीनदा नाकावरून फिरलं, मग तिचा हात त्याच्या तळव्यावर येऊन थांबला.